खासारच्या कानात

गोंगोरच्या आयुष्यात चार कुत्रे झाले, असं त्याला ओळखणारे म्हणत. तो नुसती मान डोलवायचा. त्याच्या लेखी कुत्रा एकच झाला होता, आणि तो अजून दाराबाहेर पडून होता.

लोकांसाठी नावं वेगवेगळी होती. खासार, बासार, दोर्गो आणि आताचा बांबार. चौघेही काळेकुळकुळीत, चौघेही चार डोळ्यांचे, म्हणजे खऱ्या डोळ्यांच्या वर दोन तांबूस ठिपके असलेले. असा कुत्रा माणसाला न दिसणारंही बघतो, म्हणून गोबी वाळवंटाच्या उत्तर कडेला त्याला मान आहे. मान म्हणजे काय, तर त्याला कुणी उगाच लाथ घालत नाही. बाकी हाडं गोठवणाऱ्या थंडीतही त्याने बाहेरच झोपायचं, आणि माणसांनी गेरच्या, म्हणजे तंबूच्या आत, लोकरीच्या नमद्याच्या गोल भिंतींमागे, चुलीच्या उबेला. यात गोंगोरला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

पण चौघांचाही डावा ठिपका उजव्यापेक्षा जरासा खाली उतरलेला होता. थंडी पडली की चौघेही पुढचा उजवा पाय उचलून धरत. खासारच्या त्या पायाला लांडगा चावला होता. बाकी तिघांच्या पायाला साधा काटाही लागला नव्हता. बांबारला तर गोंगोरने जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं होतं. डॉक्टरने पाय दाबला, वाकवला आणि म्हणाला, "काही झालेलं नाही याला. नाटकी आहे तुमचा कुत्रा."

माळावर दुसरं कुणी नसलं की गोंगोर चौघांनाही खासार म्हणूनच हाक मारायचा. पहिल्या दिवसापासून चौघेही त्या हाकेला वळून बघत आले होते. बघत, एवढंच. बायकोपुढे, पोरीपुढे, वाटेच्या पाहुण्यापुढेही ती शेपटी हलायची. गोंगोरपुढे ती लोंबत राहायची.

सुरुवात त्याचीच होती. तो चौदा वर्षांचा असताना खासार मेला. त्याच्या तीन वर्षं आधी हिमवादळात हा कुत्रा अख्खी रात्र पोराच्या अंगावर पडून राहिला होता, म्हणून तर गोंगोरच्या हातांना अजून दहा बोटं होती. कुत्र्याचा जन्म संपला की पुढचा जन्म माणसाचा, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मात्र कुत्र्याला वाटेला लावावं लागतं. माणसं ओलांडून जाणार नाहीत अशा उंच जागी न्यायचं. तोंडात चरबीचा तुकडा द्यायचा. शेपटी कापून डोक्याखाली ठेवायची, कारण माणसाला शेपटी नसते. आणि मालकाने कानाशी वाकून सांगायचं, आता माणूस हो.

"तुझा कुत्रा, तूच ने," वडील म्हणाले होते. गोंगोरने खासारला घोड्यावर घालून टेकडीवर नेलं. सुरी काढली. पण शेपटीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. माणूस झाला तर हा कुठे होईल, कुणाच्या घरी होईल? आपल्याला ओळखेल का? त्याने सुरी म्यानात घातली, कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "परत ये. कुत्राच होऊन ये. माझ्याकडेच ये."

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "सांगितलंस ना कानात?"

"सांगितलं."

काय सांगितलं, हे काही त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर पाच दिवसांनी त्याची आई बाळंत झाली. मूल मेलेलंच आलं. आणि नवव्या दिवशी, भर दुपारी, लख्ख उन्हात, कुठूनसा एक अर्धवट वाढलेला काळा कुत्रा चालत आला. त्याने कुणाला हुंगलं नाही, की पाणी मागितलं नाही. गेरला वळसा घालून तो पश्चिमेच्या बाजूला गेला आणि खासारच्या जागेवर जाऊन बसला. गोंगोरला एवढा आनंद झाला की आईच्या रडण्याकडेही त्याचं लक्ष गेलं नाही. ही गोष्ट त्याने पुढे स्वतःलाच कधी माफ केली नाही, पण त्या दिवशी झालं ते असं झालं.

बासार गेला तेव्हा गोंगोर अठ्ठावीसचा होता, आणि त्याच्या बायकोचं, दुल्माचं, पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं. त्याने टेकडीवर जाऊन पुन्हा तेच शब्द सांगितले. दुल्माचं मूल गेलं, दोर्गो आला. दोन वर्षांनी मुलगी उयांगा झाली, सुखरूप, कारण दोर्गो तेव्हा जिवंत होता. पुढे दोर्गो मेला. दुल्मा पुन्हा पोटुशी होती. गोंगोरने तिसऱ्यांदा तेच शब्द सांगितले. या खेपेला मूल गेलंच, पाठोपाठ दुल्माही गेली. नवव्या दिवशी बांबार आला.

आता असं नाही की गोंगोरला काही उमगत नव्हतं. त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. बायका बाळंतपणात जातात, मुलं दगावतात, कुत्रे येतात आणि जातात. तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायच्याच नाहीत, असं ठरवलं की वर्षंच्या वर्षं निघून जातात. तशी त्याची चौदा वर्षं गेली.

आणि आता वसंतातल्या धुळीच्या दिवसांत बांबारने खाणं सोडलं होतं. उयांगाचे दिवस भरत आले होते.

तिला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. सकाळी जावई झोरिग शेजाऱ्याची जीप घेऊन आला. तालुक्याचा दवाखाना चार तासांवर. उयांगा कंबरेवर हात ठेवून बाहेर आली आणि आधी कुत्र्यापाशी गेली. बांबारने मान उचलली नाही, पण शेपटी जमिनीवर दोनदा आपटली.

"बाबा, याच्याकडे बघा हं. चार दिवस पोटात काही नाही त्याच्या," ती म्हणाली. "मी येईपर्यंत जाऊ देऊ नका याला."

गोंगोरच्या तोंडचं पाणी पळालं. झोरिग हसला. "बाबा, तुमचा चेहरा बघून डॉक्टर तुम्हालाच खाटेवर घेतील. बसा निवांत. टेकडीच्या चढावर रेंज येते तिथे या संध्याकाळी, फोन करतो."

जीप गेली. तिच्या मागची धूळ खाली बसलीच नाही, कारण तोवर वाराच सुटला होता. आभाळ पिवळं झालं. सूर्य होता, पण त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. मेंढ्या चरायच्या थांबल्या आणि सगळ्याच्या सगळ्या एका दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. एकही ओरडेना.

"कुत्रं धरा!" लांबून आवाज आला.

येणाऱ्याने अशीच हाक द्यायची असते, दारात कुत्रं नसलं तरी. सेंदताई होती. बहात्तर वर्षांची बाई, अजून घोड्यावरून एकटी फिरायची. या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना तिनेच जगात आणलं होतं, आणि तसं ती त्यांना ऐकवायचीही. बांबार भुंकला नाही, उठलाही नाही. ती खाली उतरली, त्याच्यापाशी उभी राहिली आणि मग आत आली.

गोंगोरने खारट चहा ओतून दोन्ही हातांनी वाटी पुढे केली. तिने एक घोट घेतला.

"पोरगी गेली?"

"सकाळीच."

"आणि कुत्रा आज जाणार."

"म्हातारा झालाय, ताई."

"म्हातारी मी पण झालेय. मला बघून तू असा घाबरत नाहीस." तिने वाटी खाली ठेवली. "गोंगोर, एक विचारते. तुझ्या आईचं ते मूल मी काढलं. मी केलेलं पहिलंच बाळंतपण होतं ते. दुल्माची गेलेली दोन्ही मीच काढली. तुम्ही पुरुष माणसं, तुम्हाला कुणी दाखवलं नाही, तुम्ही मागितलंही नाही. मी पाहिली ती तिन्ही."

"सोड ना आता ते."

"चौदा वर्षं सोडलंच होतं. ऐक. मेलेली मुलं मी पुष्कळ बघितलीत. निळी, काळी, नाळेत गुंडाळलेली. ही तिन्ही तशी नव्हती. गुटगुटीत होती, अंग ऊन होतं. कशाचा दोष नाही. फक्त आत कुणी नव्हतं. आणि डोळे उघडे. तिघंही दाराकडे बघत होती. आईकडे नाही, माझ्याकडे नाही. दाराकडे. बाहेर कुणी हाक मारली की माणूस बघतो ना, तसं."

बाहेर वारा नमद्याला घासत होता. गोंगोर चुलीत शेणी सारत राहिला. आधीच चूल भरलेली होती.

"तू खासारच्या कानात काय सांगितलं होतंस?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं, आणि सगळं मिळून ते एका श्वासात संपलं. सेंदताईने शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे माणूस होऊन घरात यायला निघालेल्याला तू तीनदा दारातून मागे ओढलंस," ती म्हणाली. "आणि वर बाहेर झोपवलंस."

"मला माहीत नव्हतं."

"पहिल्यांदा नव्हतं. पुढचं मला सांगू नकोस." तिने भांड्यातून मेंढीच्या शेपटीची चरबी काढली, बोटभर तुकडा कापला आणि त्याच्या हातावर ठेवला. "ऊठ. तो जिवंत आहे तोवर कानाशी जा. आज तुझी जीभ पुन्हा घसरली, तर दवाखान्यात काय होईल ते तुला सांगायला नको."

तो बाहेर आला. पश्चिमेच्या बाजूला कुत्र्याच्या अंगाने पडलेला खळगा होता. कुत्रा नव्हता.

चार दिवस ज्याला उभं राहता येत नव्हतं, तो चालत गेला होता. धुळीत पावलं उमटली होती, तीनच पायांची. वारा बाकी सगळं पुसत होता. ही पावलं मात्र कडा शाबूत ठेवून समोर पडलेली होती. गोंगोरला घोडा सापडेना. तो पायीच निघाला. कुठे जायचं, ते पावलं न बघताही त्याला कळलं होतं.

टेकडीच्या माथ्यावर तो आयुष्यात तीनदाच आला होता. चढ फार नव्हता, पण धुळीने पुढचं दिसत नव्हतं, आणि छातीत कळ येत होती. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. उयांगा. मेंढ्या, गेर, उरलेलं सगळं आयुष्य घ्या आणि तेवढी पोर व तिच्या पोटातलं ठेवा, असं तो चालता चालता कुणाला तरी सांगत होता.

वर पोचला आणि तो जागीच थांबला. तीन सांगाडे एका रांगेत पडले होते. माळावर टाकलेलं मढं गिधाडं दोन दिवस ठेवत नाहीत. हाडं कुठच्या कुठे जातात. इथे खासारची त्रेचाळीस वर्षांपूर्वीची हाडंसुद्धा ठेवली तशी होती. मणका सरळ, आणि मणक्याच्या टोकाला शेपटीची बारीक हाडं, एकामागे एक, शेवटच्या तांदळाएवढ्या हाडापर्यंत. तिघांचीही तशीच. रांगेत चौथ्या जागेवर बांबार पडला होता.

त्याचा श्वास चालू होता. डोळे उघडे होते. तो खालच्या वाटेकडे बघत होता, सकाळी जीप गेली त्या दिशेला.

"खासार," गोंगोर म्हणाला.

कुत्र्याने डोळे त्याच्याकडे वळवले. त्या नजरेत राग नव्हता, प्रेमही नव्हतं. एखादा माणूस फार दिवस कचेरीबाहेर बसलेला असतो आणि आतून कुणी तरी बाहेर येतं, तेव्हा तो जसा बघतो तसं ते बघणं होतं. गोंगोरला भीती वाटली. या जनावराच्या शेजारी आपण एवढी वर्षं निर्धास्त झोपलो कसे, असं त्याला वाटलं.

तो गुडघ्यांवर बसला. कान हातात धरला. कान गरम होता.

"आता माणूस हो," तो म्हणाला. शब्द नीट आले. आणि मग जीभ थांबेना. "उयांगाच्या पोटी ये. तिला सुखरूप ठेव. आमच्याच घरी..."

कुत्र्याने कान ओढून घेतला. अंगात काडीची ताकद नव्हती, तरी मान जमिनीवर घासत त्याने डोकं बाजूला केलं, आणि घशातून एक आवाज काढला. गुरगुरणं नव्हतं ते. कंटाळलेल्या माणसाने हुंकार द्यावा तसा तो आवाज होता. वारा त्याच वेळी पडला. सगळी धूळ हवेत तशीच लटकत राहिली.

गोंगोरला कळलं. आपण पुन्हा दोरीच टाकली. आधी कुत्रा म्हणून बांधला, आता नातू म्हणून बांधतोय. सोडायचं तर सोडायचंच, कुठेही जाऊ दे, कुणाचाही होऊ दे. पण मग उयांगाचं काय? तिच्या बाळात कुणी आलंच नाही तर? हे विचारायची सोय नव्हती. हीच एक मागणी त्याला आयुष्यात खरोखर करायची होती, आणि नेमकी तीच करता येत नव्हती. तो धुळीत बसून म्हाताऱ्या बाईसारखा हमसून हमसून रडला.

मग त्याने नाक पुसलं, पुन्हा वाकला, आणि कानाला हात न लावता म्हणाला, "आता माणूस हो."

तो तिथेच थांबला. पुढचा शब्द तोंडात आला होता, तो त्याने दातांखाली धरला. शेपटी हलली की वाऱ्याने हलवली, ते त्याला कळलं नाही, कारण वारा पुन्हा सुटला होता. त्याने पुन्हा बघितलं तेव्हा श्वास थांबलेला होता.

त्याने चरबीचा तुकडा तोंडात ठेवला. शेपटी कापली आणि डोक्याखाली सारली. मग तो रांगेतल्या बाकी तिघांकडे गेला. शेपटीची हाडं एकेक करून उचलली आणि तिघांच्या कवट्यांखाली ठेवली, आधी खासारच्या, मग बासारच्या, मग दोर्गोच्या. प्रत्येकापाशी वाकून तेच सांगितलं. तिसऱ्यापाशी सांगून उठला, तोच पाठीमागे हाडं सरकल्याचा आवाज झाला. त्याने वळून बघितलं नाही.

तो उतरायला लागला आणि खिशातला फोन वाजला. झोरिग होता. आवाज तुटत होता.

"बाबा... मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. मघापासून लावतोय फोन. अर्धा तास होऊन गेला."

अर्ध्या तासापूर्वी आपण कुठे होतो, रडत होतो की अजून चढ चढत होतो, हे गोंगोरला काही केल्या आठवेना. "रडली का?" त्याने विचारलं.

"कोण, उयांगा?"

"बाळ."

"बाबा, अख्खा दवाखाना डोक्यावर घेतलाय."

अकराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. गेरमध्ये शेजारपाजारची माणसं दाटीवाटीने बसली होती, तपकिरीच्या कुप्या या हातातून त्या हातात फिरत होत्या. नवव्या दिवशी कुत्रा आला नव्हता. गोंगोर त्या दिवशी दुपारभर दाराबाहेर बसून होता, आणि कुणी न आल्यावर त्याला हायसं वाटलं होतं, आणि ओकंबोकंही.

उयांगाने मेंढीच्या मऊ कातड्यात गुंडाळलेलं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. घरातल्या मोठ्याने बाळाच्या उजव्या कानात तीनदा नाव सांगायचं असतं. सेंदताई चुलीपलीकडे बसली होती.

"गोंगोर, नाव सांगायचं. पदरचं काही घालू नकोस," ती म्हणाली. लोक हसले. ती हसली नाही.

बाळ जागं होतं. काळेभोर डोळे, अजून कशावर न ठरणारे. गोंगोर वाकला. कान इवलासा होता, गरम होता. आणि त्याच्या ओठांवर ती हाक आली. एकदाच, अगदी हलकेच, खासार. वळून बघितलं तर कळेल. चौघांनी बघितलं होतं. ही बघेल, याची त्याला खात्री होती, आणि तिने बघितल्यावर आपण तिला पुन्हा कधीच सोडणार नाही, याचीही खात्री होती. सगळे थांबले होते. सेंदताई त्याच्या ओठांकडे बघत होती.

"सोलोंगो," तो म्हणाला. "सोलोंगो. सोलोंगो."

अनोळखी आवाज एवढ्या जवळ ऐकून बाळ दचकलं. तिने त्याच्याकडे बघितलं, कुणा परक्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं, आणि भोकाड पसरलं. तो तिला थोपटत राहिला, पण ती काही राहीना. शेवटी त्याने तिला आईकडे दिलं. आईच्या कुशीत ती लगेच गप्प झाली.

"घाबरली हो तुम्हाला, बाबा," उयांगा म्हणाली. "ओळखत नाही ना अजून."

"नाही," गोंगोर म्हणाला. "नाही ओळखत."